पडलेली संक्रांत

बंगळूरच्या चामराजपेठेतल्या जुन्या मराठी घरांत एक नियम अजून चालत होता. ज्या सणाच्या दिवशी घरातलं माणूस जाई, तो सण त्या घरापुरता पडे. पडे म्हणजे कायमचा. तोरण नाही, गोडधोड नाही, कुणाला देणं नाही की कुणाकडून घेणं नाही. पुढं कधी नेमक्या त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा दावणीची गाय व्याली, तरच तो सुटे. मूल की वासरू याबद्दल शास्त्राची काही तक्रार नव्हती. शास्त्र असं मधूनच उदार होतं, एरवी माणसाचा पिच्छा पुरवतं.

शेषगिरीरावांच्या घरी संक्रांत पडली होती. त्रेपन्न सालच्या संक्रांतीला त्यांची एकुलती एक मुलगी वसुमती गेली. नऊ वर्षांची होती.

आधी नुसता गुडघा दुखत होता. अंगणात चौकोन आखून कुंटेबिल्ले खेळायचा तिला भारी नाद, लंगडी घालताना कुठंतरी पडली असेल म्हणून तिच्या आईनं, अहल्येनं, एरंडेल चोळलं. सूज उतरेना, मग शेक दिला, मग लेप. शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी हाडाचा कॅन्सर सांगितला. हा शब्द घरात कुणी तोंडातून काढला नाही. घरात त्याला ‘आतली गाठ’ म्हणत. गल्लीत मात्र हा आजार लागट असतो म्हणे, असं कुणीतरी म्हणालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आयांनी आपापल्या मुली त्या अंगणातून हाका मारून परत नेल्या, आणि वसू खिडकीशी बसून रिकाम्या चौकोनांकडं बघत राहिली.

आणि बंगळुरात संक्रांत म्हणजे मुलींचाच सण. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं यांचं ते मिश्रण, ज्याला तिथली मराठी घरंही एळ्ळुच म्हणतात, त्याची तयारी महिनाभर आधी सुरू होते. खोबऱ्याचे नि गुळाचे बारीक बारीक तुकडे करून उन्हात वाळवायचे. मग संक्रांतीला रेशमी लंगे, म्हणजे परकर, घालून, वेण्यांत फुलं माळून गल्लीतल्या मुली ताटल्या घेऊन घरोघर एळ्ळु वाटत फिरतात. वसूला दिवाळीचं काही वाटत नसे, पण संक्रांत म्हटलं की तिला झोप यायची नाही. त्या शेवटच्या वर्षीही तिनं अंथरुणावर बसून खोबरं कापलं होतं. हिरवा लंगा उशाशी घडी घालून ठेवला होता.

त्याला आता सहा वर्षं होत आली होती. घर चालत होतं. घरं चालतातच, त्यांना कोण विचारतंय. अहल्या पहाटे उठे, चूल पेटवी, सोवळ्यात स्वयंपाक करी, पानं वाढी, खरकटं काढी. बाजारात जायचा सरळ रस्ता मुलींच्या शाळेवरून जात होता, म्हणून ती भाजीला लांबचा वळसा घालून जाई. भात घालताना तिचा हात अजून एका मुठीनं चुके, आणि तो जास्तीचा भात ती दुसऱ्या दिवशी स्वतः खाई. शेषगिरीरावांच्या सायकलच्या दांड्यावर पूर्वी वसूसाठी एक छोटी बैठक होती. ती त्यांनी तेराव्यानंतर पाना घेऊन मुकाट्यानं काढून टाकली. त्यानंतर त्यांनी मुलीचं नाव घेतलं नाही. कचेरी, मठ आणि झोप यांत त्यांचा दिवस संपे, आणि संक्रांत आली की आदल्या दिवशीच ते नंजनगूडच्या मठात सेवेला निघून जात. पुरुषाला निदान नंजनगूड तरी होतं. अहल्येला स्वयंपाकघर, मागचं आवार आणि पुढचं फाटक एवढाच मुलूख होता.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू पद्मावतीबाई. लाल लुगड्यातली, करकरीत बोलणारी बाई. अहल्या त्यांना अत्ते म्हणे. त्यांनी वसूचे कपडे, पाटी, खेळणी सगळं महिन्याभरात देऊन टाकलं. ‘डोळ्यापुढं नको,’ एवढंच म्हणाल्या. एक हिरवा लंगा तेवढा अहल्येनं तांदळाच्या डब्याच्या तळाशी दडवला, म्हणून राहिला.

तेव्हा वर्षाचे सगळे दिवस हे घर वसू कधी नव्हतीच असं वागे. फक्त एका दिवशी त्याला तसं वागता येत नसे. संक्रांतीला सगळ्या गल्लीत गुळाचा वास सुटे आणि या एका घरात चुलीवर साधा भात-सार असे. त्या दिवशी अहल्येला कुणी हस म्हणत नसे, ऊठ म्हणत नसे. ती पुढल्या खोलीत खिडकीशी दिवसभर बसून राही. पडलेली संक्रांत ही तिची एकटीची मालमत्ता झाली होती. ती सुटू नये एवढीच तिची या जगाकडं मागणी होती.

पण जग स्वस्थ बसतंय होय. पहिली दोन वर्षं गेली आणि नात्यातल्या बायका हिशेब मांडू लागल्या. अहल्या अजून तिशीतलीच, तेव्हा संक्रांतीला बाळंत होईल अशा बेतानं... मुलाचं मूल होईल आणि सणाचा सणही सुटेल. एका दगडात दोन पक्षी मारायची ही युक्ती त्या बायका तिच्या तोंडावर सांगत, लोणच्याची कृती सांगावी तशी. अहल्या ऐकून घेई. मूल काही झालं नाही. ते होऊ नये असं तिला वाटे की व्हावंसं वाटे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग धाकटा दीर हयवदन म्हैसुराहून आला. त्याला मुलगी झाली होती. तिचं बोरन्हाण घालायचं, पण थोरल्या घरी संक्रांत पडलेली म्हणजे त्याच्याही घरी पडलेलीच. तो बिचारा नुसता आईपाशी बसून राहिला. तो गेल्यावर पद्मावतीबाई म्हणाल्या, “मी गाय घेते.”

देवनहळ्ळीहून गुरांचा व्यापारी यल्लाप्पा गाय घेऊन आला. तांबूस, शांत, गाभण.

“संक्रांतीलाच व्यायची, अव्वा,” तो म्हणाला. “स्वल्प इकडं तिकडं झालं तर मला बोल लावू नका. गाईला काय पंचांग कळतंय?”

“कळेल,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

अहल्येला वाटलं, आपल्या हातातून कुणीतरी काहीतरी ओढून घेतंय. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्या गाईचं करायचं कुणी, तर तिनंच. शेण काढणं, पेंड भिजवणं, पाणी दाखवणं. आपलाच दिवस लुटायला आलेल्या पाहुणीला ती रोज आपल्या हातानं चारा घालत होती. गाय मात्र तिच्या पदराला नाक घाशी. वाईट होती असं तिला म्हणताही येईना.

अहल्येच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. खरं म्हणजे त्या घरी संक्रांत कधी पडलीच नव्हती.

त्या रात्री वसू सारखी विचारत होती, “अम्मा, उजाडलं?” शेषगिरीराव डॉक्टरांना आणायला गेले होते, सासूबाई देवघराच्या उंबऱ्याशी कलंडल्या होत्या. वसू मांडीवर होती. “उजाडतंय,” अहल्या म्हणत होती. उजाडत नव्हतं. बाहेर मिट्ट काळोख असतानाच वसूचा श्वास थांबला. अहल्येला कळलं. पण तिनं हाक मारली नाही. इतके दिवस पोरीनं एका संक्रांतीची वाट पाहिली होती, ती तिला मिळाल्याशिवाय कुणाच्या हवाली करायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती तशीच बसून राहिली. खिडकीच्या गजांवर ऊन आल्यावर तिनं वसूच्या कानात सांगितलं, “उजाडलं बघ.” आणि मग हंबरडा फोडला.

नंतर उपाध्याय भीमाचार्य आले आणि त्यांनी विचारलं, “प्राण सूर्योदयाच्या आधी गेला की नंतर?” शास्त्रानं दिवस सूर्योदयापासून मोजतात. आधी म्हटलं असतं तर तो आदला दिवस झाला असता. अहल्या म्हणाली, “नंतर.” सण पडेल वगैरे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती फक्त मुलीला संक्रांत देत होती. तिनं दिली, आणि संक्रांतीचंच दार बंद झालं.

शेजारच्या कमलाची मुलगी पुट्टी गाय आल्यापासून रोज यायची. पाच वर्षांची, म्हणजे वसू गेल्यानंतर जन्मलेली. मागच्या आवारात उकिडवी बसून ती गाईशी कन्नडमध्ये आणि अहल्येशी मराठीत बोले. अहल्या तिच्याकडं फार बघत नसे, पण एक केळं तिच्यासाठी काढून ठेवू लागली होती. भोगीच्या दिवशी केळं खाऊन झाल्यावर पुट्टी म्हणाली,

“उद्या मी नाही यायची.”

“का गं?”

“उद्या वसू येते नं तुमच्याकडं.”

अहल्येच्या हातातली पेंडीची बादली तिथंच राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते नाव तिच्यासमोर घेतलं होतं. “वसू कोण?” तिनं विचारलं.

“वाईट मुलगी आहे एक. संक्रांतीला येते. एळ्ळु घेऊन तुमच्या घरी गेलं तर पाय धरते आणि मग आपला पण पाय सुजतो. सगळ्यांना माहिती आहे. लीलाक्का तर फाटकापुढून पळत जाते.” मग पुट्टीनं जरा विचार केला. “तुम्हाला नाही भीती वाटत?”

अहल्येनं मान हलवली. हो की नाही, ते पुट्टीला कळलं नाही. ती गाईला ‘नाळिद्दु बर्तीनि’, परवा येते, असं सांगून निघून गेली.

अहल्येला त्या दिवशी रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. पोरीवर कसा काढणार, तिला सांगितलं तेच ती बोलली. गल्लीवर काढावा तर गल्लीनं तरी काय केलं होतं? दर संक्रांतीला एक दार बंद पाहिलं होतं आणि त्या दाराची गोष्ट रचली होती. ते दार बंद ठेवणारी कोण होती, ते अहल्येला चांगलं माहीत होतं.

शेषगिरीराव त्याच दुपारी नंजनगूडला गेले. पहाटे गोठ्यातून गाईचं हुंकारणं ऐकू आलं तेव्हा अहल्या जागीच होती. ती कंदील घेऊन मागं गेली. थंडी मी म्हणत होती, धुक्यात विहिरीचा कठडाही दिसत नव्हता. गाय उठत होती, बसत होती, मान वळवून आपल्याच कुशीकडं बघत होती. थोड्या वेळानं पुढची खुरं दिसली, त्यावर टेकलेलं नाक दिसलं, आणि मग काही पुढं सरकेना. अहल्येनं पदर खोचला, दोन्ही हातांनी ते निसरडे पाय धरले आणि गाय कळ देई तसं ओढलं. वासरू गवतावर पडलं. कालवड होती, आईसारखीच तांबूस.

तिनं वर पाहिलं. काळोख होता. मिलचा पहिला भोंगाही झाला नव्हता.

म्हणजे भोगीच. अजून संक्रांत लागलेली नाही. आपला दिवस वाचला, असं अहल्येच्या मनात आलं, आणि तिला आनंद झाला. झाला हे खोटं कशाला म्हणा. आता उजाडल्यावर, पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी ती पुन्हा त्या खिडकीशी बसणार होती. कुणी तिला उठवणार नव्हतं. आणि फाटकापुढून मुली पळत जाणार होत्या.

गाय वासरू चाटत होती. वासरू थरथरत उठायला बघे, आपटे, पुन्हा बघे. अहल्या गवतात बसली होती आणि एकाएकी तिच्या ध्यानात आलं की ती पुन्हा तशीच बसली आहे. मांडीजवळ तेवढंच अंग, बाहेर तोच काळोख, आणि खरी वेळ एकट्या तिलाच ठाऊक. तेव्हा तिनं वसूसाठी सूर्य उगवेपर्यंत मरण अडवून धरलं होतं. त्यातून वसूला काय मिळालं? पाय धरणारी वाईट मुलगी असं नाव मिळालं. जिला साऱ्या गल्लीला एळ्ळु वाटायचे होते, तिच्या नावानं गल्लीतली पोरं घाबरत होती. अहल्येला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

तिनं हाक मारली नाही. भोंगा झाला. कोंबडे झाले. शेजारी कमला पुट्टीला न्हाऊ घालत होती आणि पुट्टी पाणी कढत आहे म्हणून भोकाड पसरत होती. कालवड एव्हाना उठली, आचळ शोधून प्यायला लागली. बऱ्याच वेळानं धुकं विरळ झालं आणि नारळाच्या शेंड्यावर ऊन आलं, तेव्हा मागचं दार वाजलं. पद्मावतीबाई पायरीवर उभ्या होत्या.

“व्याली?”

“व्याली.”

“कधी?”

“आत्ताच,” अहल्या म्हणाली. “वर ऊन दिसलं, तेव्हा.”

भीमाचार्यांना बोलावणं गेलं. सहा वर्षांत त्यांचे दात पडले होते, पण प्रश्न तोच होता. “सूर्यबिंब दिसलं होतं?” अहल्या म्हणाली, “होतं.” त्यांनी गाईला हळदकुंकू लावलं, कालवडीवर अक्षता टाकल्या आणि सांगितलं की सण सुटला, आता तोरण बांधायला हरकत नाही. हयवदनाला तार करायची आठवणही तेच करून गेले.

ते गेल्यावर पद्मावतीबाई गोठ्यात आल्या. त्यांनी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला, उलटा, सुलटा. मग कान चाचपले.

“पुरती वाळलीय,” त्या म्हणाल्या. “आत्ता जन्मलेलं वासरू इतक्यात वाळत नाही, अहल्या. माझ्या माहेरी बारा गाई होत्या.”

अहल्या खाली वाकून गवत सारखं करू लागली.

“तेव्हाही पोरीचे हात गार होते,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “तू ओरडलीस तेव्हा धावत येऊन मी तिचे हात धरले होते. बोटं मिटत नव्हती. किती वेळापूर्वी गेली ते मला काय कळलं नसेल?”

“मग तुम्ही आचार्यांना...”

“काय सांगणार होते? माझी सून खोटं बोलते म्हणून?” त्यांनी हात लुगड्याला पुसला. “तुला तेव्हा तेवढंच पाहिजे होतं. घे म्हटलं. वाटलं, वर्षा-दोन वर्षांत आपण होऊन परत देशील. तू काही देईनास. मला विचारता येईना, तुला सांगता येईना. शेवटी गाय आणली.” त्यांचा आवाज करकरीतच होता, पण डोळे भरले होते, आणि ते त्यांनी पुसले नाहीत. “चल. घरात एळ्ळुचा दाणा नाही. खोबरं तरी कापायला घेऊ. लोकांच्या मुली आल्या तर ताटलीत काय घालणार आहेस?”

मुली येणार नव्हत्या. सण सुटला हे भीमाचार्यांनी सांगितलं म्हणून गल्लीच्या गोष्टी थोड्याच सुटतात. दोघी पुढल्या खोलीत अडकित्ते घेऊन बसल्या आणि खोबरं कापत राहिल्या. दारावर आंब्याचं तोरण होतं. बाहेर लंगे सळसळत होते, ताटल्या वाजत होत्या, आणि फाटकापाशी आलं की पावलं धावायला लागत. प्रत्येक वेळी अहल्येचा अडकित्ता थांबे. खिडकीशी एकटी बसायची, तेव्हा हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

दुपार कलायच्या सुमाराला फाटकाबाहेर पुट्टी उभी दिसली. हिरवा नाही, जांभळा लंगा होता, पायघोळ, थोरल्या बहिणीचा असावा. हातात ताटली. आत यावं की पळावं, हे तिचं ठरत नव्हतं.

“गाय व्याली म्हणे,” ती तिथूनच म्हणाली.

“व्याली. ये बघायला.”

“वसू आहे का आत?”

अहल्या उठून बाहेर आली. फाटकाची कडी तिनं काढली, पण पुट्टीला आत ओढलं नाही. तिथंच पायरीवर बसली, म्हणजे दोघी सारख्या उंचीच्या झाल्या.

“वसू माझी मुलगी,” ती म्हणाली. “ती वाईट नव्हती. तिला संक्रांत फार आवडायची. तुझ्यासारखीच ताटली घेऊन सगळ्यांच्या घरी जायची. तुझ्या आईला विचार.”

“मग आता कुठं आहे?”

हा प्रश्न एवढ्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. सगळे समजूतदार होते. आत पद्मावतीबाईंच्या अडकित्त्याचा आवाज थांबला.

“ती मेली, पुट्टी,” अहल्या म्हणाली. “आजच्या दिवशी नाही. भोगीच्या रात्री, उजाडायच्या आत. ती विचारत होती उजाडलं का म्हणून, आणि मी तिला खोटंच सांगत होते.”

एवढं बोलून ती रडायला लागली. त्या पाच वर्षांच्या पोरीसमोर, भर रस्त्याच्या तोंडाशी, पदराचा बोळा तोंडात न कोंबता. मग पुट्टीनं, घरी शिकवलं होतं त्याप्रमाणं, ताटलीतले एळ्ळु मुठीत घेऊन अहल्येच्या ओंजळीत घातले आणि एळ्ळु खा, गोड बोला, असं म्हणून वासरू बघायला आत पळाली.